किनारा काही सपाट नसतो

कोकण किनाऱ्यानं सायकलवर गोव्याला जायचं म्हटलं की डोळ्यांपुढे पहिलं चित्र उभं राहतं ते असं: उजवीकडे समुद्र, डावीकडे माडाच्या बागा आणि मधून सपाट, गार रस्ता. हे चित्र अगदीच खोटं नाही. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाताना ते जसंच्या तसं भेटतं. पण मांडव्यापासून पणजीपर्यंतच्या पाचशेहून अधिक किलोमीटरांत असे तुकडे मोजकेच. बाकीचा कारभार वेगळा. खाडीकाठच्या गावातून रस्ता निघतो, चार वळणांत जांभ्याच्या सड्यावर चढतो, वर थोडा वेळ वाळलेलं गवत आणि काळा कातळ दाखवतो आणि पुढच्या खाडीत उतरवून देतो. तिथून पुन्हा वर. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी सडा कापत समुद्राला मिळते, म्हणून किनाऱ्याला धरून जाणाऱ्याला या सगळ्या नद्या आडव्या येतात. महाबळेश्वरला जाणारा एक मोठा घाट चढतो आणि सुटतो. किनाऱ्यानं जाणाऱ्याला रोज पाच-सहा छोटे घाट लागतात, आणि त्यांना घाट म्हणायचीही पद्धत नाही. गावकरी नुसतं ‘जरा चढाव आहे’ म्हणतात.

फोनवर या मार्गाचा चढ-उताराचा आलेख काढून पाहिला तर करवतीचे दात दिसतात. ऐंशी किलोमीटरच्या दिवसात सगळे चढ मिळून हजार-बाराशे मीटर होणं इथे नेहमीचं. सिंहगडाचा डांबरी रस्ता पायथ्यापासून वरपर्यंत एका दिवसात दोनदा चढण्याइतकं हे काम आहे, आणि ते सात-आठ दिवस ओळीनं करायचं आहे. शिवाय एकट्यानं नाही, दहा-बारा जणांनी मिळून. माझ्या मते या सहलीची खरी तयारी या दोनच गोष्टींची असते: चढांची आणि बरोबरच्या माणसांची. बाकी सामान बाजारात मिळतं.

दिवाळीचा फराळ संपत आला की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा सगळ्या ठिकाणी या सहलीच्या नियोजनाच्या बैठका सुरू होतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरी मध्यमवर्गात सायकल परत आली, त्याला कारणं पुष्कळ आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीनं पूर्ण केली, तेव्हा नोकरी-व्यवसाय सांभाळून हे जमतं असं अनेकांना पहिल्यांदा वाटलं. त्याच सुमारास ‘बीआरएम’ हा शब्द सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ऐकू यायला लागला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. बाहेरची मदत न घेता, घड्याळाशी झगडत. हा प्रकार फ्रान्समधून आला. पॅरिसचा जो क्लब त्याची मान्यता देतो तो १९०४ सालचा आहे.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण कोकणच्या बहुतेक गटांत अशी बीआरएम केलेली दोन-तीन माणसं असतातच, आणि बैठकीतली पहिली ठिणगी तिथेच पडते. मी ज्या बैठका जवळून पाहिल्या त्यांतली एक कोथरूडच्या एका गच्चीवर भरली होती. चकल्यांचा तळाचा चुरा, चहा आणि भिंतीला टेकवलेला एक टॅब. दोन आयटीवाले, एक दंतवैद्य, एक शाळेतल्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, त्यांचा पुतण्या, आणखी काही जण. बीआरएमवाल्यांनी मार्ग पाच दिवसांत बसवून आणला होता. रोज शंभर ते एकशेवीस. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं की यात मासे खायला कधी थांबायचं. गच्ची हसली, पण प्रश्न खरा होता. त्या कागदावर जेवणाला पंचवीस मिनिटं होती आणि फेरीबोटीची वाट पाहायला शून्य.

फेरीबोट हा या मार्गाचा कणा आहे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं एक सलग महामार्ग असावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातली, म्हणजे १९८०च्या सुमाराची. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला, मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र मागे राहिले. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. पण त्यापुढे आगरदांडा ते दिघी राजपुरीच्या खाडीतून, बागमांडला ते वेसवी सावित्रीच्या मुखातून, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीतून आणि तवसाळ ते जयगड शास्त्रीतून, असे चार टप्पे सायकलवाला बोटीवरच घेत आला आहे. वेसवीला उतरताना अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब लोक वर्षानुवर्षं पाहत आले. आता खाड्यांवरच्या पुलांची कामं पुन्हा मनावर घेतली गेली आहेत. मोटारवाल्यांची सोय होईल. सायकलवाल्याला मात्र बोटीवर मिळणारी अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती गमवावी लागणार, आणि पुलावर चढण्यासाठी आणखी एक चढ वाढणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

तर बोट. ती ठरावीक वेळांना सुटते. एक चुकली की पाऊण तास, कधी तास गेला. म्हणून अनुभवी लोक दिवसाचं वेळापत्रक बोटीपासून मागे मोजत आणतात. डिसेंबरात रत्नागिरीकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. म्हणजे उजेडाचे तास अकरा. चढ-उताराच्या रस्त्यावर सामानासह साधारण सराव असलेल्या माणसाचा चालता वेग ताशी चौदा धरा, ऐंशी किलोमीटरला पावणेसहा तास झाले. दोन बोटींचे मिळून दीड तास. जेवण एक तास, दोन चहा मिळून एक तास. झाले सव्वानऊ. आता उरलेल्या पावणेदोन तासांत पंक्चर, फोटो, एखादं देऊळ, रस्ता चुकणं आणि कुणाचा तरी गोळा आलेला पाय, हे सगळं बसवायचं. आणि गटाचा हिशेब वेगळा असतो. दहा जण दहा वेगवेगळ्या ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबले तर पन्नास मिनिटं जातात. तेच दहा जण एकाच टपरीवर थांबले तर दहा मिनिटांत काम होतं. त्या गच्चीवर शेवटी पाच दिवसांचे आठ दिवस झाले ते या आकडेमोडीनं, भावनेनं नाही. मांडवा-मुरुड, मुरुड-हरिहरेश्वर, तिथून केळशी-आंजर्ल्यावरून दापोलीकडे, मग दाभोळ-गुहागर, मग जयगड-गणपतीपुळे, रत्नागिरी-पावस-पूर्णगड, पुढे देवगड-कुणकेश्वर, मालवण आणि वेंगुर्ला-शिरोडा-तेरेखोल असे टप्पे पडले, त्यांतले दोन पुढे एकमेकांत मिसळले.

दिशेवर वाद होत नाही, पण त्यामागचं कारण कळलेलं बरं. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तेच शाळेच्या भूगोलातले मतलई वारे. दुपारी तो फिरतो आणि खारा वारा आत येतो. या दिवसांत तो बहुतेक वायव्येकडून असतो. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेल्याला दुपारच्या थकव्यात तो थोडा पाठीशी मिळतो. गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्यांना तोच वारा सड्यावर तोंडावर घ्यावा लागतो, आणि सड्यावर आडोसा म्हणून करवंदाची जाळीसुद्धा पुरत नाही.

तारखांचं मात्र रण होतं. नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा नकोच, कारण त्या दिवसांत अलिबाग ते मुरुड आणि गणपतीपुळे ते मालवण या रस्त्यांवर मोटारींची रांग असते आणि खोलीचे दर विचारायची सोय नसते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा चांगला, पण त्यात मार्गशीर्षातले गुरुवार येतात. बारा जणांच्या गटात गुरुवार करणारे तीन, सोमवारी न खाणारे दोन, अंडंही न खाणारा एक. कोकणातल्या घरगुती खाणावळीवाल्या वहिनींना आदल्या दिवशी फोन करून ‘आठ मासे, चार शाकाहारी’ असं सांगणारा माणूस गटात नेमावा लागतो. ऐनवेळी सांगितलं तर त्या उपाशी ठेवणार नाहीत, पण कुळथाचं पिठलं टाकायला त्यांना तासभर लागेल आणि तो तास उजेडाच्या अकरांतून वजा होईल.

तारीख ठरवताना पंचांगही उघडावं. भरतीच्या वेळेचा किनाऱ्यावरचा जुना अदमास असा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणून पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास भरती. अष्टमीला सहा वाजता. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. सायकलवाल्याला याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. मोठ्या ओहोटीला काही धक्क्यांचा उतार पार खालपर्यंत उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं आणि गुळगुळीत टायर तिथे क्षणात घसरतो; सायकल हातात धरून, सपाट पावलं टाकत जायचं. दुसरा उपयोग हौसेचा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या, घट्ट वाळूवर सायकल झकास पळते. गुहागरच्या लांबलचक किनाऱ्यावर तर हा मोह कुणालाच आवरत नाही.

त्या मोहाची किंमत कळते ती मिस्त्रीकडे. नारायण पेठेच्या बाजूच्या एका दुकानात मी अशाच एका सहलीआधीची सायकल-तपासणी अर्धा दिवस बसून पाहिली. मिस्त्री फारसं बोलत नव्हते. सायकल स्टँडला लावायची, मागचं चाक गरकन फिरवायचं, ब्रेकच्या रबराजवळ डोळा नेऊन चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, बघायचा, स्पोक चिमटीत धरून दोन-दोन दाबून पाहायचे. सैल लागला की किल्लीची पाव फेरी. मग चेनवर मोजपट्टीसारखं एक छोटं साधन ठेवायचं. चेन ताणली असेल तर ते दुव्यात खाली पडतं, चांगली असेल तर अडून राहतं. एका सायकलच्या चेनला कोपऱ्यात गंज होता. मालकानं कबूल केलं नाही, पण मिस्त्रींनी मागच्या छोट्या चकतीच्या फटीतून नखानं वाळूचे चार कण काढून त्याच्या तळहातावर ठेवले. खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की दात झिजायला लागतात. त्यावर एकच उपाय: मुक्कामी पोचल्यावर, आंघोळीआधी, गोड्या पाण्यानं सायकल धुवायची, चेन फडक्यानं कोरडी करून तेलाचा एकेक थेंब. पाण्याची तोटी जोरात सोडायची नाही. हबमध्ये पाणी शिरतं. हे काम थकल्या अंगानं आठ संध्याकाळी करायचं, म्हणून ते जोडीजोडीनं करायचा नियम चांगले गट लावतात.

त्याच दुकानात मला एक पितळेचं बोंड दाखवलं गेलं, सुपारीच्या अर्ध्याहून लहान. शहरी महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, फ्रेंच पद्धतीचा वॉल्व्ह असतो. कोकणातल्या नाक्यावर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असतो तो मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हचा. हवेची टाकी समोर, सायकल समोर, आणि हवा जात नाही. हे बोंड वॉल्व्हवर फिरवलं की जुळतं. किंमत चहा-वड्याएवढी. गटात प्रत्येकाकडे एक असावं असं मिस्त्रींचं म्हणणं, कारण ते हरवतंच. पंक्चरचं सोल्युशन, पॅच, टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे, दोन जादा ट्यूब आणि चेनचा जोडदुवा हे सगळे घेतात. ज्याचा विसर पडतो तो म्हणजे गिअर जिथे टांगलेला असतो तो छोटा कान. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे सायकल आपटली तर तो वाकावा आणि सांगाडा वाचावा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, देवगडला मिळण्याची आशा करू नये. आपापला बरोबर ठेवावा.

गिअरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण निम्म्या गटाची वाट इथेच लागते. पुढच्या सर्वांत लहान चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही ३४ असतील तर पायाच्या एका फेरीत चाक एक फेरी फिरतं, म्हणजे सायकल दोन मीटरहून थोडी अधिक पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पावणेआठच्या आसपास. उभ्या चढावर सत्तर किलोचा माणूस, सायकल आणि आठ किलो सामान घेऊन हा वेग राखणं कमावलेल्या पायांनाच जमतं. पुढे २६ दातांची चकती असलेली साधी, जड, ‘एमटीबी’ म्हणून हिणवली जाणारी सायकल तोच चढ ताशी सहानं, पण बसूनच चढते. जयगडहून वर येणाऱ्या वळणांवर हा फरक दिसतो: लाखभराची कार्बनची सायकल हातात धरून चालणारा आणि त्याच्या बाजूनं हळूहळू, शिट्टी घालत वर जाणारे काका. वेगाची सायकल विकून टाका असं कुणी म्हणत नाही. तिची मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलता येते. फक्त ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायचं, निघायच्या आदल्या आठवड्यात नाही, कारण नवी चेन आणि नवे दात एकमेकांना सरावायला शे-दोनशे किलोमीटर लागतात.

उताराची तयारी कुणीच करत नाही. वर जाताना दम लागतो म्हणून वर जायचा सराव होतो. खाली यायला काय लागतं, असं वाटतं. कोकणातले उतार अरुंद, वळणं आंधळी, कडेला जांभ्याची बारीक लाल खडी, आणि वळणापलीकडून एसटीची लाल गाडी आपल्याच रस्त्यात आलेली. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो. थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. नजर चाकापुढे नाही, वळणाच्या टोकाला. पुण्यातले लोक हे बोपदेव आणि दिवे घाटात शिकतात, मुंबईचे येऊरच्या रस्त्यावर. दोन्हीकडे रविवारी सकाळी वाहतूक बरी असते.

सरावाचं शास्त्र फार मोठं नाही. आठ आठवडे हातात असतील तर आठवड्यात दोन छोट्या फेऱ्या आणि एक लांब. पण माझं लक्ष ज्याकडे गेलं ते असं, की जाणते लोक अंतर वाढवत नाहीत, ते दिवस जोडतात. शनिवारी साठ आणि लगेच रविवारी साठ, दोन्हींत चढ, आणि दुसऱ्या दिवशी सामानाच्या पिशव्या लावून. एका दिवसात शंभर मारणारे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच खोगिरावर पुन्हा बसताना जे जाणवतं, ते पहिल्या दिवशी कधीच कळत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला कातडं सोलवटलं की माणूस शंभर किलोमीटरच्या ताकदीचा असला तरी वीस किलोमीटरला रडकुंडीला येतो. गादीची चड्डी आतून दुसरं काही न घालता वापरायची, रोज धुवायची, पूर्ण वाळली नसेल तर दुसरी. किनाऱ्याच्या दमट हवेत रात्रीतून ती वाळत नाही, म्हणून दोन नाही, तीन न्यायच्या. खोबरेल तेल लावायचं की औषधी मलम, यावर गटात पंथ असतात. दोन्ही चालतात.

पाण्याचंही तसंच. कोकणातला घाम अंगावरच राहतो, हवा दमट असल्यामुळे उडून जात नाही, आणि अंग थंड करायचं त्याचं काम तो नीट करत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ कमी पडतं. दंतवैद्यबाईंनी बैठकीत एक साधी गोष्ट सांगितली, ती मी नंतर अनेकांना सांगितली: जीवनरक्षक साखर-मिठाची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. त्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये ठरवलेलं प्रमाण. सायकलची बाटली साडेसहाशे ते साडेसातशे मिलिलिटरची. अख्खी पुडी त्यात ओतली की मिश्रण जाड होतं, तहान वाढते, कधी पोट बिघडतं. एक लिटरच्या बाटलीत कालवून मग दोन बाटल्यांत वाटायचं. दुपारी मात्र पुडीपेक्षा कोकमाचं सरबत मीठ घालून किंवा वाटीभर ताक घशाखाली बरं उतरतं, आणि ते दर पाच-सात किलोमीटरवर मिळतं. चाळिशी उलटलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना छाती दाखवून यावी हा नियमही त्या बाईंनीच घातला. काका सर्वांत आधी जाऊन आले, एक चाळिशीतला पठ्ठ्या शेवटपर्यंत टाळत राहिला. त्याला त्यांनी कागद आणल्याशिवाय यादीत घेतलं नाही. प्रत्येकाच्या फोनच्या मागे रक्तगट आणि घरचा नंबर चिकटवलेला, आणि १०८ ही रुग्णवाहिका कोकणातही येते एवढं माहीत असलं की पुरे. फोनची रेंज मात्र घाटीत जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवायचा.

आता माणसांकडे येतो. दहा-बारा जणांच्या रांगेत सर्वांत महत्त्वाचा माणूस सर्वांत शेवटी असतो. त्याला इंग्रजीत स्वीप म्हणतात, आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. त्याच्या मागे कुणी नसतं. पंक्चर झालेला, पोट दुखणारा, फोटो काढत बसलेला, सगळे त्याच्या पुढेच. गंमत अशी, की हे काम बहुतेक गट कमजोर माणसाला देतात, कारण तो नाही तरी मागेच असतो. द्यायला हवं सर्वांत तगड्याला. मागे राहून दुसऱ्याच्या वेगानं जाणं हे पुढे पळण्याहून कठीण असतं. ज्या गच्चीची गोष्ट मी सांगितली तिथे बीआरएमवाल्यांपैकी एकाला आळीपाळीनं मागे ठेवायचं ठरलं. पहिल्या सराव-फेरीत त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. सासवडच्या वाटेवर शाळेतल्या बाई चढावर थांबल्या की हाही थांबायचा, घड्याळ पाहायचा, मग घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकायचा. तिसऱ्या फेरीपासून तो घड्याळ घरीच ठेवून यायला लागला.

सराव-फेरीतच हाकाही ठरतात. पुढच्यानं हात खाली करून बोट दाखवलं की खड्डा, मागच्यानं ‘गाडी’ ओरडलं की एका रांगेत. एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालायचं नाही. सायकलीइतकं अंतर, उतारावर त्याच्या पाचपट. फाट्यावर पुढचा गट थांबणारच, शेवटचा माणूस दिसल्याशिवाय कुणी वळणार नाही. हा एक नियम पाळला तरी रस्ता चुकण्याचे अर्धे प्रसंग टळतात, कारण कोकणात फाट्यावरची पाटी बहुधा झाडामागे असते आणि नकाशा अनेकदा जवळचा म्हणून बैलगाडीचा उतार दाखवतो.

शाळेतल्या बाईंनी एक विषय काढला, जो पुरुषांच्या बैठकीत कधी निघत नाही. दिवसभराच्या रस्त्यावर बायकांना स्वच्छतागृह कुठे आहे याची यादी हवी. एसटी स्थानकं, मोठी देवळं, पेट्रोलपंप, फेरीचे धक्के, आणि जिथे यातलं काही नाही तिथे ओळखीचं घर. ही यादी नसली की बायका पाणी कमी पितात, आणि दमट उन्हात त्याचा परिणाम दुपारपर्यंत दिसतो. त्यांनीच ती यादी फोनाफोनी करून तयार केली. ती पाहून मार्गातला एक चहाचा थांबा सहा किलोमीटर पुढे सरकला. गटाच्या सगळ्या नियोजनात मला तो कागद सर्वांत शहाणा वाटला.

सामान पाठीवर की गाडीत, हा वाद जुना आहे. मागून ‘छोटा हत्ती’ टेम्पो यावा, त्यात बॅगा, जादा चाकं, एक थकलेला माणूस. म्हणजे सगळे मोकळे. वर्गणी वाढते. पण टेम्पो असला की माणसं मनानं लवकर थकतात, दुपारी दोन वाजता चढ दिसला की त्याच्याकडे बघायला लागतात, हेही खरं. आणि टेम्पोला दर बोटीवर जागा मिळेलच असं नाही. एकदा-दोनदा सायकली पलीकडे आणि कपडे अलीकडे असा प्रकार होतो. स्वतःचं सामान स्वतः वाहणारे गट हळू जातात, पण निवांत असतात. प्रत्येकी सात-आठ किलो, मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखं वजन. पाठीवरची सॅक नको. ती खांदे घेते आणि पाठीचा घाम अडवते. त्या गटानं मधला मार्ग काढला, टेम्पो नाही, पण पाने, पंप आणि औषधांची एक सामाईक पिशवी, रोज वेगळ्याकडे. हिशेबाची वही काकांकडे गेली. बँकेतून निवृत्त माणसाला तीच शोभते, आणि रात्री जेवणानंतर पैशांचा मेळ लागल्याशिवाय कुणाला झोपू दिलं जात नाही.

सुरुवात मुंबईकरांना सोपी. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, सायकल चालवत आत, तासाभरानं चालवत बाहेर. पुणेकर बहुधा ताम्हिणीतून उतरतात किंवा आदल्या रात्री टेम्पो करतात. शेवटाचं मात्र कुणी ठरवत नाही, आणि तिथे सगळे दमलेले असतात. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, तेरेखोलचा किल्ला आणि गाव गोव्याचं आहे. तिथून फेरीनं केरी. काहींना केरीच्या वाळूत सायकल आडवी टाकून संपवायचं असतं, काहींना पणजीच्या मांडवीपर्यंत न्यायचंच असतं. हे भांडण आठव्या दिवशी होऊ नये म्हणून गच्चीवरच मिटवावं. परतीला कोकण रेल्वे. थिवीम किंवा करमाळीला सायकल सामानाच्या डब्यात नोंदवता येते, पण प्रत्येक गाडीला डबा असेलच असं नाही, आणि बारा सायकली एका गाडीत जातीलच असंही नाही. आधी स्टेशनवर जाऊन विचारणारा एक माणूस, सायकली गोण्यांत शिवणारे दोन.

खासगी बसनं येणार असाल तर डिकीत घालायला पुढचं चाक आणि दोन्ही पॅडल काढावी लागतात. आठ दिवसांच्या खाऱ्या हवेनं पॅडल गच्च बसलेलं असतं, म्हणून निघण्याआधीच आट्यांना ग्रीस लावून ठेवा. उजवं पॅडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून निघतं. डाव्याचे आटे उलटे असतात. पान्यावर उभे राहून नाचलात तरी ते डावीकडे फिरवून निघणार नाही, आणखी घट्ट बसेल.